तुरुंग, शाळा आणि प्रवेशाचा अर्ज

बारावीचा निकाल लागला की भंडारा जिल्ह्यातल्या घराघरांत तीच चर्चा सुरू होते. भंडाऱ्यातच प्रवेश घ्यायचा की साठेक किलोमीटरवरच्या नागपूरला पाठवायचं, तुमसर-साकोलीहून एसटी वेळेवर मिळेल का, वसतिगृहाचे पैसे कुठून आणायचे. काही घरांत मात्र आणखी एक प्रश्न असतो आणि तो पाहुण्यांसमोर काढता येत नाही. मुलाचं नाव एखाद्या गुन्ह्यात आलेलं असतं. तो जामिनावर असतो किंवा निर्दोष सुटून आलेला असतो. कधी मुलाचा कशाशीच संबंध नसतो, पण बाप कारागृहात असतो. अशा मुलाला कोणतं कॉलेज घेईल? आणि घेतलं तर टिकू देईल का?

मुस्लिम मोहल्ल्यात हा प्रश्न दबक्या आवाजात विचारला जातो. पारध्यांच्या पालावर, दलित वस्तीत, आदिवासी पाड्यावरही तो तसाच विचारला जातो. पण तो आजचा नाही. ज्या प्रांतात भंडारा जिल्हा जवळजवळ शंभर वर्षं होता, त्या जुन्या मध्य प्रांताच्या मुलखात तो दोनशे वर्षांपूर्वीच उभा राहिला होता. त्याला वेगवेगळ्या काळात वेगवेगळी उत्तरं मिळाली. ती माहीत असली, तर आज कॉलेज निवडताना नेमकं काय तपासायचं हे कळतं.

जबलपूरची शाळा

१८३६ साली कंपनी सरकारने ठगांविरुद्ध एक कायदा केला. एखादा माणूस ठगांच्या टोळीत होता एवढं सिद्ध झालं तरी त्याला जन्मठेप देता येई. त्याने स्वतः कोणता खून केला हे सांगण्याची गरज उरली नाही. या मोहिमेचे प्रमुख होते विल्यम स्लीमन आणि त्यांचा तळ होता जबलपूरला. माफीचे साक्षीदार झालेले ठगही सुटले नाहीत. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या मुलांसाठी १८३७ च्या सुमारास जबलपुरात एक उद्योगशाळा काढली गेली. तिथे तंबू शिवायला आणि गालिचे विणायला शिकवत. या ठगांत हिंदू होते, तसे मुसलमानही होते.

नावात शाळा होती, हाताला कामही मिळत होतं. पण त्या मुलांचा दोष काय होता? बाप ठग होता, एवढाच. मुलगाही तेच करील या भीतीने त्याला भिंतीच्या आत शिकवायचं ठरलं. पुढे त्याच जबलपुरात रॉबर्टसन कॉलेज नावारूपाला आलं आणि मध्य प्रांतातली शिकली-सवरलेली पिढी तिथून बाहेर पडली. एकाच शहरात शिक्षणाचे दोन दरवाजे होते. कोणत्या मुलाने कोणत्या दरवाजातून आत जायचं, हे त्याच्या हुशारीवर ठरत नव्हतं.

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने हाच विचार अख्ख्या जमातींना लावला. १८९७ च्या दुरुस्तीने चार ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून वेगळं काढून सुधारगृहात ठेवण्याचा अधिकार सरकारला मिळाला. १९११ साली कायदा देशभर लागू करता येईल असा झाला. सोलापूरची काटेरी तारेची वसाहत महाराष्ट्राला ठाऊक आहे. तारेच्या आत शाळा होती. पण तारेबाहेर पडायचं तर हजेरी आणि परवाना लागत असे.

मराठी मुसलमानांपैकी अनेकांना एक गोष्ट माहीत नसते. या यादीत मुस्लिमांचीही एक जमात होती, छप्परबंद. मोगलांच्या छावण्यांमध्ये छपरं शाकारणाऱ्यांचे आपण वंशज आहोत, असं ही मंडळी सांगत. मुंबई इलाख्याच्या पोलिसांनी त्यांच्यावर नकली नाणी पाडणाऱ्यांची जमात असा शिक्का मारला. मायकेल केनेडी या पोलीस अधिकाऱ्याने १९०८ साली इलाख्यातल्या गुन्हेगार वर्गांवर जाडजूड ग्रंथ लिहिला, त्यात छप्परबंदही आहेत. अशा घरातलं पोर शाळेत आलं तर मास्तर त्याच्याकडे विद्यार्थी म्हणून बघेल की संशयित म्हणून, हे पोलिसांच्या पुस्तकाने आधीच ठरवून टाकलं होतं. लक्ष्मण गायकवाड यांचं १९८७ चं ‘उचल्या’ वाचलेल्यांना ही नजर काय असते हे वेगळं सांगायला नको.

विसाव्या शतकात थोडा बदल झाला. मुंबई इलाख्यात १९२४ साली आणि मध्य प्रांतात १९२८ साली मुलांसाठी वेगळे कायदे आले. त्याच वर्षी मध्य प्रांताने बोर्स्टल कायदा केला आणि नरसिंहपूरला बोर्स्टल शाळा चालवली. कोवळ्या वयाच्या आरोपीला मुरलेल्या कैद्यांत टाकू नये, त्याला शिकवावं, हे तत्त्व मान्य झालं. पण नरसिंहपूरहून शिकून आलेल्या मुलाला गावातल्या हायस्कुलाने घ्यावं, असं बंधन कुणावरच नव्हतं. आतल्या शिक्षणाची सोय झाली, बाहेरच्या प्रवेशाची झाली नाही.

काढून टाकलेल्यांची कॉलेजं

याच काळात दुसरी एक गोष्ट घडत होती. वंगभंगाच्या आंदोलनानंतर सरकारने शाळा-कॉलेजांना दम भरला. १९०७ च्या रिस्ले परिपत्रकाने बजावलं की विद्यार्थी राजकारणात दिसले तर संस्थेचं अनुदान जाईल, शिष्यवृत्त्या जातील, विद्यापीठाची संलग्नताही जाईल. मग संस्थाच मुलांना काढू लागल्या. नागपुरात ‘वंदे मातरम्’च्या घोषणेवरून शाळेबाहेर पडलेल्या मुलांत केशव बळिराम हेडगेवार होते. ते यवतमाळच्या राष्ट्रीय शाळेत गेले आणि पुढे कलकत्त्याच्या नॅशनल मेडिकल कॉलेजात. त्यांच्या पुढच्या विचारांशी माझ्यासारख्याचं जुळण्याचं काही कारण नाही. पण शाळेने दार बंद केल्यावर दुसरं दार उघडलं नसतं तर काय झालं असतं, हा प्रश्न त्यांच्याही बाबतीत खरा आहे. आणि त्या कॉलेजच्या पदवीला सरकारी मान्यता नव्हती, हेही खरं आहे.

मुसलमानांच्या बाबतीत या गोष्टीचं सर्वांत मोठं उदाहरण म्हणजे जामिया मिलिया इस्लामिया. त्याचा एक धागा थेट आपल्या जुन्या प्रांतात येतो. मौलाना मोहम्मद अली आणि शौकत अली हे बंधू पहिल्या महायुद्धाच्या काळात नागपूरच्या उत्तरेला छिंदवाड्यात स्थानबद्ध होते. नंतर त्यांना बैतुलच्या तुरुंगात ठेवलं. डिसेंबर १९१९ मध्ये ते सुटले. डिसेंबर १९२० मध्ये नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनाने असहकारावर शिक्कामोर्तब केलं, त्यात सरकारी शाळा-कॉलेजांवरचा बहिष्कारही होता. त्याच्या दोन महिने आधी, २९ ऑक्टोबर १९२० रोजी, अलीगढला जामियाची स्थापना झाली होती. पायाभरणी मौलाना महमूद हसन यांच्या हस्ते झाली. ते माल्टाच्या कैदेतून त्याच वर्षी परतले होते. पहिले कुलगुरू झाले मोहम्मद अली, आणि वर्षभरातच कराची खटल्यात ते पुन्हा तुरुंगात गेले.

म्हणजे कैदेतून आलेल्या माणसांनी स्थापलेली आणि कैदेला न घाबरणाऱ्या विद्यार्थ्यांना जागा देणारी ही संस्था होती. पुण्यात १९२१ साली टिळक महाराष्ट्र विद्यापीठ सुरू झालं, तेही याच लाटेत.

पण इतिहास इथे थांबवला तर तो अर्धाच सांगितल्यासारखा होईल. सरकारी कॉलेज सोडलेले पुष्कळ विद्यार्थी वर्षा-दोन वर्षांत मुकाट परत गेले. राष्ट्रीय शाळांची पदवी नोकरीत चालत नव्हती, पोट भरायचं होतं. खिलाफत चळवळ ओसरल्यावर जामियाही बंद पडायच्या बेतात होती. १९२५ साली ती दिल्लीला हलवली गेली. पुढे झाकिर हुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वीस वर्षं, महिना दीडशे रुपयांहून जास्त पगार न घेता, तिथेच शिकवण्याची शपथ घेतली, म्हणून ती टिकली. केंद्रीय विद्यापीठाचा दर्जा मिळायला १९८८ उजाडलं. अडचणीतल्या मुलाला घेणारी संस्था फक्त दिलदार असून भागत नाही. तिची पदवी चालली पाहिजे आणि संस्था उद्या जागेवर राहिली पाहिजे.

तोच तुरुंग, वेगळा अर्थ

स्वातंत्र्यानंतर एक उलटापालट झाली, तिच्याकडे आपलं फारसं लक्ष जात नाही.

१९४२ च्या ऑगस्टमध्ये तुमसरला गोळीबार झाला, माणसं मेली, धरपकड झाली. त्या वेळी तुरुंगात जाणं म्हणजे शिक्षण बुडणं होतं. १९७२ साली केंद्राने स्वातंत्र्यसैनिकांसाठी निवृत्तिवेतन योजना आणली, तेव्हा किमान सहा महिन्यांचा तुरुंगवास ही एक पात्रता ठरली. महाराष्ट्रात स्वातंत्र्यसैनिकांच्या पाल्यांसाठी कॉलेजांत जागा ठेवल्या गेल्या. ज्या तुरुंगवासामुळे बापाचं कॉलेज सुटलं, त्याच तुरुंगवासाच्या दाखल्यावर मुलाला प्रवेश मिळाला. आणीबाणीत ‘मिसा’खाली स्थानबद्ध झालेल्यांनाही २०१८ साली राज्याने मानधन सुरू केलं.

गुन्हेगार जमातींचंही तसंच झालं. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा संपला. पोलिसांच्या यादीतली नावं विमुक्त जातींच्या यादीत आली. महाराष्ट्रात विमुक्त जाती ‘अ’ गटाला ३ टक्के जागा आहेत आणि त्या यादीत छप्परबंद आहेत. मात्र जातीचा दाखला काढायचा तर २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा महाराष्ट्रातला रहिवास दाखवावा लागतो. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या एका गावात राहू दिलं नाही, त्यांनी गावाचा कागद आणायचा!

तुरुंगाचा अर्थ असा काळ बदलला की बदलतो. म्हणूनच एखाद्या मुलाच्या अर्जावर आज जे ‘गुन्हा दाखल’ लिहिलेलं आहे, ते शेवटचं सत्य मानायला इतिहास आपल्याला परवानगी देत नाही. मौलाना आझाद १९४२ ते १९४५ अहमदनगरच्या किल्ल्यात कैदी होते आणि १९४७ साली देशाचे पहिले शिक्षणमंत्री झाले. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात लिहिली आणि ती आज मराठी शाळांच्या कपाटात असते.

कुणी म्हणेल, ती देशासाठी तुरुंगात गेलेली माणसं होती, मारामारीत नाव आलेल्या पोराशी त्यांची तुलना कशी? तुलना माणसांची नाहीच. मुद्दा एवढाच की ही उलटापालट सत्तेत आवाज असलेल्यांच्या वाट्याला आली. साध्या कच्च्या कैद्याच्या वाट्याला ती येत नाही. २०२२ च्या सरकारी आकडेवारीत देशातल्या कैद्यांपैकी ७५.८ टक्के कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही असे. मालेगावच्या २००६ च्या स्फोटांत धरलेल्या मुस्लिमांना २०११ साली जामीन मिळाला आणि २०१६ साली न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केलं. मुंबईच्या रेल्वे स्फोटांच्या खटल्यातल्या १२ जणांना उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ रोजी निर्दोष ठरवलं, अटकेनंतर एकोणीस वर्षांनी. त्यातल्या एकाचा त्याआधीच नागपूरच्या तुरुंगात मृत्यू झाला होता. कॉलेजच्या वयात धरलेला माणूस मध्यमवयात सुटतो. त्याच्यासाठी कुठल्या कॉलेजात जागा ठेवलेली असते?

भिंतीच्या आतलं शिक्षण

बद्रच्या लढाईतल्या कैद्यांची कथा मुस्लिम घरांत लहानपणीच ऐकवतात. ज्यांच्याकडे खंडणी द्यायला पैसे नव्हते पण लिहिता-वाचता येत होतं, त्यांनी मदिनेतल्या दहा मुलांना शिकवावं आणि मोकळं व्हावं. कैद आणि तालीम यांचं नातं इतक्या जुन्या काळी जोडलं गेलं.

आपल्या राज्यात आज हे काम मुख्यतः दोन संस्था करतात. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ चं, आणि दिल्लीचं इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजे ‘इग्नू’, १९८५ चं. दोघांचीही विभागीय केंद्रं नागपूरला आहेत आणि राज्यातल्या कारागृहांमध्ये अभ्यासकेंद्रं आहेत. तुरुंगात राहून परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्या शिक्षाधीन कैद्याला महाराष्ट्रात शिक्षेत ९० दिवसांपर्यंत विशेष सूट मिळू शकते. रेल्वे स्फोट खटल्यातून २०१५ साली निर्दोष सुटलेले शिक्षक अब्दुल वाहिद शेख यांनी तुरुंगातच कायद्याचा अभ्यास केला आणि ‘बेगुनाह कैदी’ हे पुस्तक लिहिलं.

नियमित कॉलेजचं दार मात्र अजून जड आहे. सप्टेंबर २०२४ मधल्या दोन घटना शेजारी ठेवून बघा. गडचिरोलीत काम केलेले महेश राऊत एल्गार परिषद प्रकरणात तळोजा कारागृहात होते. त्यांनी तिथूनच कायद्याची प्रवेशपरीक्षा दिली आणि मुंबईच्या सिद्धार्थ लॉ कॉलेजमध्ये त्यांना जागा मिळाली. प्रवेश घ्यायला उच्च न्यायालयाने परवानगी दिली. मिळालेली जागा घेऊ न देणं म्हणजे मूलभूत हक्काचा भंग, असं न्यायालय म्हणालं. हे कॉलेज डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ साली स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं. त्याच महिन्यात बार कौन्सिल ऑफ इंडियाने देशभरच्या लॉ कॉलेजांना परिपत्रक पाठवलं की प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्यावरचा एफआयआर, खटला, शिक्षा, इतकंच नव्हे तर निर्दोष सुटका झाली असेल तर तीही जाहीर करावी. निर्दोष सुटलेल्याने ते कबुलीसारखं का लिहून द्यायचं?

मे २०२५ मध्ये पुण्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाने एका एकोणीस वर्षांच्या काश्मिरी विद्यार्थिनीला समाजमाध्यमावरच्या मजकुरावरून काढून टाकलं. तिला अटकही झाली होती. उच्च न्यायालयाने तिला जामीन दिला, तिचं म्हणणं न ऐकता काढलेला कॉलेजचा आदेश स्थगित केला आणि तिला परीक्षेला बसता यावं म्हणून सरकारलाही खडसावलं. १९०७ चं परिपत्रक सरकारने काढलं होतं. आता परिपत्रकाची वाट न बघता काही कॉलेजं स्वतःच दार लावून घेतात.

मग कॉलेज कसं बघायचं?

भंडाऱ्याच्या सातही तालुक्यांतली नेहमीची कॉलेजं राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाखाली येतात. माहितीपत्रकात इमारतीचा फोटो असतो, पण अशा मुलांबद्दलची ओळ बहुधा नसते. ती आपणच शोधावी लागते.

पहिली गोष्ट अर्ज. त्यात गुन्ह्याविषयी काय विचारलंय ते शब्दशः वाचा. ‘शिक्षा झाली आहे का’ आणि ‘गुन्हा दाखल आहे का’ हे वेगवेगळे प्रश्न आहेत. सज्ञान मुलाने खोटं लिहू नये. माहिती दडवण्यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या अवतार सिंग निकालात नोकरीच्या संदर्भात सविस्तर विचार केला आहे; दडवणं पुढे खटल्यापेक्षा महाग पडू शकतं. पण प्रकरण बाल न्याय मंडळापुढे चाललेलं असेल तर गोष्ट वेगळी. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम २४ सांगतं की त्या प्रकरणामुळे मुलाला पुढे कोणतीही अपात्रता चिकटू नये. सज्ञान म्हणून खटला चाललेले सोळा वर्षांवरचे काही जण तेवढे याला अपवाद. ही माहिती कॉलेजला स्वतःहून देऊ नका, आधी वकिलाला विचारा.

दुसरी गोष्ट हजेरी. तारखेला कोर्टात जावंच लागतं. अशा गैरहजेरीबद्दल नियम काय, परीक्षा बुडाली तर पुन्हा कधी, हे प्राचार्यांना प्रवेशाआधी विचारा. उत्तर कसं मिळतं, यावरूनच कॉलेज कळतं.

तिसरी गोष्ट कागद. वर्ष मध्येच तुटलं तर मूळ कागदपत्रं परत मिळाली पाहिजेत. ती अडवून ठेवू नयेत, अशी विद्यापीठ अनुदान आयोगाची २०१८ ची सूचना आहे. २०२३ च्या नियमांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती हवी आणि विद्यापीठात लोकपाल हवा. ही समिती खरोखर आहे का, तिची नावं फलकावर लावली आहेत का, ते बघा. काढून टाकण्याआधी मुलाचं म्हणणं ऐकतात का, तेही विचारा.

चौथी गोष्ट पदवीची किंमत, म्हणजे जामियाचा धडा. मुक्त विद्यापीठाची पदवी मान्य आहे, फी परवडते, हजेरीचा जाच नाही. खटला चालू असताना तो चांगला पूल आहे. पण ‘तुला तेच बरं’ म्हणत एखादं कॉलेज हुशार मुलाला तिकडे ढकलत असेल, तर ती जबलपूरचीच वाट आहे.

पाचवी गोष्ट पैसा. आई किंवा वडील कारागृहात असतील तर अठरा वर्षांपर्यंतच्या मुलाला राज्याच्या बालसंगोपन योजनेतून महिना २,२५० रुपये मिळू शकतात. त्यासाठी जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात अर्ज करावा लागतो. कोठडीतल्या माणसाला, स्त्रियांना, मुलांना, अनुसूचित जाती-जमातींना मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्याने दिला आहे. भंडाऱ्याच्या न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात तो मागता येतो.

शेवटची गोष्ट आपल्या लोकांशी बोलायची आहे. आपल्या अंजुमन, आपल्या जमाती, जकातीच्या पैशातून शिष्यवृत्ती देणारे आपले ट्रस्ट यांच्या अर्जावरही ‘चारित्र्याचा दाखला जोडावा’ अशी अट असते. कॉलेजने विचारण्याआधी आपणच विचारतो. ज्या घरातला कमावता माणूस आत आहे, तिथल्या मुलीची फी थांबते, कारण दाखल्यावर सही करायला कुणी तयार नसतं. सरकारचं परिपत्रक बदलायला आपल्याला वर्षं लागतील, पण आपल्या अर्जावरची एक ओळ खोडायला समितीची एक बैठक पुरते. पुढच्या जूनच्या आत ती बैठक घ्या.